घोट्यापर्यंत

उजवा चावत होता आणि डावा चावत नव्हता. वर्ध्याच्या बाजारात प्रभाकररावांच्या दुकानातल्या लाकडी बाकावर बसून रूपराव हे मनातल्या मनात ताडून पाहत होता. बूट एकाच जोडीचे होते, एकाच खोक्यातून निघालेले. तपकिरी कॅनव्हासचे, पांढऱ्या रबरी तळाचे, घोट्याच्या वर चढणारे. उजव्यानं पाय घातल्याबरोबर करंगळी धरली होती आणि टाचेमागची शिवण अशी रुतत होती की नीट बसणंही कठीण. डाव्यात मात्र पाय मजेत होता. दुकानदार प्रभाकरराव चष्मा कपाळावर चढवून त्याच्यासमोर उकिडवे बसले होते. "चावत तर नाही ना हो कुठं?" त्यांनी विचारलं. रूपराव म्हणाला, "उजवा चावते थोडासा." "आणि डावा?" "डावा नाई." "मग डावा पाय तुमचा गुणी आहे," असं म्हणून प्रभाकरराव हसले आणि आलेल्या दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळले. रूपरावही त्यांच्याबरोबर हसला, पण हसता हसताच तो डाव्या बुटाकडे पाहू लागला. लहानपणी आईनं मापं दिलेल्या प्रत्येक जोड्यात डावाच आधी चावायचा. डावा पाय किंचित मोठा होता त्याचा. उजवा चावतो तिथं डाव्यानं तर बोंब मारायला पाहिजे होती.

समोर दुसरी जोडी उघडीच पडली होती. बसकी, काळपट, पुढून चांगली ऐसपैस. तीही कॅनव्हासचीच, तीही रबराचीच, कारण सिंदीच्या ज्या जिनिंगमध्ये रूपराव कामाला होता तिथल्या आवारात खिळ्यांचा बूट चालत नसे. फरशीवर खिळा घासून एक ठिणगी उडाली की हंगामभराचा कापूस राख व्हायचा. म्हणून तिथली माणसं फाटकाशी वहाणा काढून ठेवत आणि दिवसभर अनवाणी वावरत, आणि वावरून वावरून त्यांचे पाय पसरत. रूपरावाचेही पसरलेले होते. बोटं अशी लांब लांब की त्यांचं आपसात पटत नसावं. प्रभाकररावांनी त्या पायांकडे एक नजर टाकून आधी ही बसकीच जोडी काढली होती. तिच्यात दोन्ही पाय निमूट बसले. पण ती घोट्याच्या पुष्कळ खाली संपत होती. "आराम पाहिजे असेल तर ही घ्या, रुबाब पाहिजे असेल तर ती," प्रभाकरराव म्हणाले होते. "दोन्ही एका खोक्यात अजून तरी आलं नाही आमच्याकडे." बाकावर बसायचं नाकारून खाली पायरीवर बसलेली शकुबाई, रूपरावाची बायको, तेव्हा म्हणाली होती, "आरामाचेच घ्या जी. रुबाब काय खाची चीज हाये?" आणि रूपराव उंच जोडीकडे पाहत राहिला होता.

रुबाब त्याला हवा नव्हता असं नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या दिवसांत तो एकदा पुलगावला मामेभावाकडे राहायला गेला होता. मामेभाऊ दारूगोळ्याच्या डेपोत हमालीच्या देखरेखीवर होता, आणि संध्याकाळी डेपोतली माणसं मैदानावर हॉकी खेळत. त्या माणसांचे चेहरे रूपरावाला आता आठवत नव्हते, पाय तेवढे आठवत होते. घोट्याच्या वरपर्यंत लेसांनी आवळलेले तपकिरी बूट, आणि त्या आवळण्यामुळे प्रत्येक पावलाला आलेला एक ठामपणा. आपला पाय जमिनीवर नुसता सांडलेला असतो आणि यांचा रोवलेला असतो, असं त्याला वाटलं होतं. मैदानाच्या कडेला बसून त्यानं उगाचच आपली पावलं धोतराखाली ओढून घेतली होती. तेव्हापासून ते बूट मनाच्या कुठल्यातरी कोपऱ्यात पडून होते. पण आज उंच जोडीवर नजर खिळली होती ती त्यासाठी नव्हे. इतक्या वर्षांनी हौस फेडायला आलो आहे असं तो स्वतःला सांगत होता, आणि स्वतःला फसवताना माणूस जितका चोख बोलतो तितका इतरांशी बोलताना बोलत नाही. खरी गोष्ट डाव्या घोट्याच्या बाहेरच्या अंगाला होती. हाडाच्या जरा वर, रुपयाएवढा एक फिका, तांबूस डाग.

पोळ्याच्या दिवशी बैलांबरोबर स्वतःही नदीवर अंग धुताना तो त्याला प्रथम दिसला. शिबं असेल म्हणून त्यानं त्यावर कडुनिंबाचं तेल चोळलं, मग गंधकाचं मलम लावलं. डाग वाढला नाही आणि गेलाही नाही. त्यावरचे केस मात्र गेले. सगळ्या पायाला घाम येई तेव्हा तेवढी जागा कोरडी राही, आणि सगळ्या पायाला चिकटलेली धूळ तिथं चिकटत नसे. चांगलंच आहे की, स्वच्छ राहते, असं तो म्हणे. एकदा आंघोळीचं पाणी पायावर ओतताना उजवा पाय त्यानं झटक्यानं मागे घेतला होता, पाणी चांगलंच कढत होतं, आणि डावा त्याच पाण्यात शांत उभा होता. त्या दिवशी त्यानं आंघोळ अर्धवट सोडली. मग दिवसभर तो कामात इतका बुडून राहिला की लोकांनी कौतुक केलं. या डागाला घोट्यापर्यंतचा बूट बरोबर झाकत होता. बसका बूट त्याला अगदी दारात उभा करत होता.

आणि पायांवर तर त्याचं पोट होतं. रूपरावाचा बाप, गोमाजी, जिनिंगच्या दारात आलेल्या बंड्यांमधला, म्हणजे बैलगाड्यांमधला, कापूस पारखायचा. हंगामात कास्तकार रातोरात कापसावर पाणी शिंपडून वजन वाढवतात, वरचा थर कोरडा ठेवतात आणि सकाळी साळसूद चेहऱ्यानं फाटकात उभे राहतात. ते पाणी शोधायचं ते काम. लोक मूठ भरून नाकाशी नेत, गालाला लावून पाहत. गोमाजी बंडीत उतरायचा. आधी कापसाला हात लावून तो हात कपाळाला न्यायचा, लक्ष्मीवर पाय देतो म्हणून, आणि मग उजवा पाय चाकावर टेकून डावा पाय कापसात पोटरीपर्यंत खुपसायचा. पोराला त्यानं हेच शिकवलं. "डोयानं नोको पाहू, डोयाले कोनीबी फसवते. पायानं पाह्य." पहिल्यांदा बापानं बखोटीला धरून बंडीत उतरवलं तो क्षण रूपरावाच्या पायात अजून होता. कोरडा कापूस पायाखाली कुरकुरतो आणि लगेच ऊब देतो. ओला बोलत नाही. तो गप्प बसतो, बोटांच्या बेचक्यांत शिरतो आणि तळव्याला एक गार, लबाड ओठ लावतो. तो गारवा ओळखला की संपलं. "पानी हाये," बाप म्हणायचा, आणि कास्तकार मान खाली घालायचा. बाप गेल्यावर रूपराव म्हणू लागला. सिंदीत त्याच्या डाव्या पायाला एक वजन होतं, आणि त्याला त्याचा गर्व होता हे त्यानं कोणाजवळ कबूल केलं नसतं, पण होता.

दिवाळीनंतर वडनेरकडच्या एका कास्तकाराच्या बंड्या आल्या. रूपरावानं कपाळाला हात लावला, चाकावर उजवा टेकला, डावा खुपसला. काहीच म्हणाला नाही डावा. ना ऊब, ना गारवा. पाय एखाद्या रिकाम्या खोलीत उतरावा तसा उतरला. त्याला वाटलं, थंडीचे दिवस आहेत, पाय गारठला असेल. आणि गारवा लागत नाही म्हणजे पाणी नाही. त्यानं मान हलवली आणि बंड्या आत गेल्या. चार रोजांनी त्या कापसाच्या गंजीतून वाफ निघू लागली. उकरली तर आतून कापूस पिवळा पडलेला, कढत, आणि आंबूस वासानं माणसांनी नाकाला धोतर लावलं. जिनिंगचे मालक, सेठ, स्वतः आले. त्यांनी कोपरापर्यंत हात आत घातला, बाहेर काढला, रूपरावाकडे पाहिलं आणि हात धोतराला पुसला. ओरडले असते तर रूपरावही ओरडला असता. पण ते अगदी हलक्या आवाजात म्हणाले, "रूपराव, बहुत दिन खडे रहे. अब जरा बैठ के काम करो." दुसऱ्या दिवसापासून तो ऑफिसात वजनाच्या चिठ्ठ्या फाडून द्यायला बसू लागला. गोमाजीच्या पोराला पाणी कळलं नाही यावर कोणाचा विश्वास बसणार? म्हणजे कळलं होतं आणि पैसे घेऊन गिळलं होतं. सगळ्या सिंदीनं हा हिशेब चुटकीसरशी मांडला, आणि त्याच्याशी सगळे आधीपेक्षा गोड बोलू लागले.

घरातही तसंच झालं. शकुबाईनं काही विचारलं नाही, भांडली नाही, पण घर कशाचीतरी वाट पाहू लागलं. ती पेटीची किल्ली जरा जास्त वाजवू लागली. त्यांच्या मंदाला वडनेरचीच मंडळी पाहून गेली होती, पसंती जवळजवळ झाली होती, आणि एका संध्याकाळी चुलीपाशी बसल्या बसल्या शकुबाई म्हणाली, "आले असतीन तं खर्च नोका करू. मंदीच्या लगनाले ठेवा." भाकरी थापण्याचा तिचा हात थांबलादेखील नाही. रूपरावानं हातातला घास खाली ठेवला. ती रागावली असती तर तिच्या मनात आपल्याविषयी काही शिल्लक आहे असं तरी वाटलं असतं. हिनं तर आपल्या चोरीची घडी घालून पेटीत जागा करून ठेवली होती. नाही खाल्ले मी पैसे, एवढं तो म्हणू शकला असता. पण मग काय झालं, असं ती विचारणार, आणि त्या प्रश्नाच्या पलीकडे तो स्वतः अजून गेलेला नव्हता. म्हणून तो पाणी प्यायला आणि उठला. ऑफिसातल्या माणसानं पायात काहीतरी घालावं असं मॅनेजरानं दोनदा सुचवल्यावर आज बूट घ्यायला निघाला, तेव्हा ती आपणहून बरोबर आली. पैसे कुठून निघतात ते पाहायला आली असेल, असं त्याला वाटलं, आणि गाडीत सगळा वेळ तो खिडकीबाहेर पाहत राहिला.

"चालून पाहा ना," प्रभाकरराव लांबूनच म्हणाले. रूपराव उठला आणि दुकानातल्या तरटावरून चालू लागला. भिंतीपाशी खाली ठेवलेल्या आरशात फक्त पाय दिसत होते. दोन्ही बूट सुरेख दिसत होते. डावा तर जास्तच, कारण उजवा दुखऱ्या पायासारखा अवघडून पडत होता आणि डावा बिनधास्त. त्याला आरशातला तो डावा पाय कोणा दुसऱ्याचा वाटला. पुलगावच्या मैदानातल्या कोणाचा तरी. आणि एकदम त्याला नत्थू आठवला. नत्थू म्हणजे त्याच्या बापाचा जोडीदार, बंड्यांवर दोघं मिळून काम करत. नत्थूच्या हातात निखारा धरायची करामत होती. तो चुलीतला निखारा बोटांनी उचलून चिलमीवर ठेवायचा आणि पोरं तोंडात बोटं घालायची. लहान रूपरावाला तो जगातला सगळ्यात शूर माणूस वाटे. मग एक दिवस बापानं नत्थूचा पाण्याचा गडवा वेगळा ठेवला. मग कोणीतरी महारोग हा शब्द उच्चारला, आणि एकदा उच्चारल्यावर तो परत घेता येत नाही. नत्थूची झोपडी नाल्यापलीकडे गेली. गोमाजी भाकरी पाठवायचा. ती दगडावर ठेवायची, हाक मारायची आणि पळायचं. नत्थू मेला तरी नाल्यापलीकडचं संपलं नाही. त्याची पोरगी सखू गोरी, नाकीडोळी नीटस, कामाला वाघीण. तिला सून म्हणून कोणी दारातसुद्धा उभं केलं नाही. अजून ती जिनिंगच्या मागे सरकी वेचताना दिसते, केस पांढरे झालेली, आणि तिचं अंग ठणठणीत आहे. तरटाच्या टोकाला पोचल्यावर रूपरावाला परत फिरावंसं वाटेना. तो भिंतीकडे तोंड करून तसाच उभा राहिला.

"काऊन जी, थांबले काऊन?" शकुबाईनं विचारलं. "काई नाई," तो म्हणाला, बाकावर येऊन बसला आणि लेस सोडू लागला. उजवा बूट निघाला तसं बोटांनी मोकळा श्वास घेतला. डावा काढला तेव्हा आतल्या तळावर, टाचेच्या जागी, एक काळसर ओला ठिपका होता. मापाचा आकडा लिहिलेली कागदाची चिठ्ठी आत टाचणीनं टोचलेली होती, ती काढायची राहून गेली होती. चिठ्ठी चुरगळून रक्तानं भिजली होती आणि टाचणी, डोक्यापर्यंत, रूपरावाच्या टाचेत होती. त्यानं ती ओढून काढली. निघाली तेही त्याला डोळ्यांनीच कळलं. प्रभाकरराव धावत आले. "अरे राम. पोरांना शंभरदा सांगतो, आधी टाचण्या काढा. अहो, पण बोलायचं नाही का तुम्ही? लागलं नाही?" त्यांचा चष्मा आता डोळ्यांवर होता. रूपरावानं हसायचा प्रयत्न केला. "आमचे पाय म्हंजे गोखरूवर वाढलेले, मालक. टाचणीले काय भेतात?" प्रभाकररावांना ते पटलं की त्यांनी पटवून घेतलं, कोण जाणे. "मागं नळ आहे, धुऊन घ्या," ते म्हणाले, आणि बूट त्यांनी लेसेला धरून उचलला. शकुबाई हसली नव्हती. ती पायरीवरून उठून उभी राहिली होती आणि टाचेकडे नव्हे, त्याच्या चेहऱ्याकडे पाहत होती.

दुकानामागे एक लहानसं अंगण होतं, रिकाम्या खोक्यांनी भरलेलं. रूपराव नळापाशी दगडावर बसला. शकुबाईनं त्याचा पाय उचलून आपल्या मांडीवर घेतला. लग्नाला वीसएक वर्षं झाली होती, तिनं असा पाय कधी घेतला नव्हता. घासून घासून तिनं रक्त धुतलं. मग अंबाड्यातली पिन काढली. "तिकडं पाहा," ती म्हणाली. तो खोक्यांकडे पाहू लागला. एका खोक्यावर पळणाऱ्या माणसाचं चित्र होतं. "लागते का?" "नाई." "आता?" "नाई." "आन आता?" तो बोलला नाही, कारण तिनं टोचलं की नाही तेच त्याला कळलं नव्हतं. वळून पाहिलं तर पिन डागाच्या मधोमध होती आणि तिच्या टोकाशी एक लाल थेंब धरला होता. दोघंही त्या थेंबाकडे पाहत राहिले. आतून प्रभाकररावांचा कोणाशी तरी घासाघीस करणारा आवाज येत होता.

"कवापासून?" तिनं विचारलं.

"पोयापासून."

तिनं मनाशी काहीतरी जुळवलं. पोळा आधी, दिवाळी नंतर. ते तिच्या डोळ्यांत एकेक करून जुळताना त्याला दिसलं, आणि मग तिचा चेहरा सैल झाला. "म्हंजे तुमी पैसे नोते खाल्ले," ती म्हणाली. तिला हसू येत होतं, खरोखरचं हसू, मंदा झाली तेव्हा आलं होतं तसलं. "मी कितीक दिवस तुमच्याखातर देवाजवळ दिवा नाई लावला. चोराच्या नावानं कसा लावा म्हनलं." रूपरावाला वाटलं, आपण इथं या दगडावर, या नळाखाली बसून आत्ता रडलो तरी चालेल. इतके दिवस छातीवर असलेलं काहीतरी या बाईनं एका पिनेनं फोडलं होतं. त्याला सुख झालं. कसल्या गोष्टीनं आपल्याला सुख होतंय हे कळत असूनही झालं. "मी सेठले दाखवतो," तो घाईघाईनं बोलू लागला. "पाय टेबलावर ठेवतो अन् म्हनतो, टोचा. समद्यांसमोर टोचा. गोमाजीच्या पोरानं पानी लपवलं नाई, त्याले लागलंच नाई." बोलता बोलता त्याला सेठ दिसले. हात धोतराला पुसणारे सेठ. या वेळी ते खुर्ची मागे सरकवत होते. तरी तो म्हणाला, "चोर तं नाई म्हनतीन मंग कोनी."

शकुबाईचं हसू ओसरलं होतं. तिनं पिन धुतली, पदराला पुसली, पण अंबाड्यात खोवली नाही. हातातच धरून बसली. तिची नजर डागावर होती. नळ थेंब थेंब गळत होता.

"चोराच्या पोरीचं लगन होते," ती म्हणाली. "सखूचं झालं का?"

ती हळूहळू, एकेक शब्द तपासून घ्यावा तशी बोलत होती. "दत्तपूरच्या रस्त्यानं याचा दवाखाना हाये. आता गोया देतात म्हने, बरे होतात लोकं. आपन येत जाऊ. मी येत जाईन तुमच्यासंगं, बजाराच्या निमित्तानं. पन सिंदीत नोका बोलू. मंदी नांदायले गेली का मंग बोला, माह्या अंगावर लुगडं नाई राह्यलं तरी चालन, मंग बोला. तवापर्यंत..." तिला पुढचा शब्द सापडेना. रूपरावाला सापडला होता. तवापर्यंत चोर राहा. इतक्या दिवसांत त्याला चोर म्हणवून घेण्याचा राग आला होता, लाज वाटली होती; आता तेच पांघरूण म्हणून त्याच्यापुढे धरलं जात होतं, आणि धरणारी तीच होती जिला आत्ताच, या घटकेला, खरं कळलं होतं. नाही म्हणावं असं त्याला फार वाटलं. बापाची आठवण झाली. पाणी आहे तर पाणी आहे म्हणायचं, एवढंच त्या माणसानं आयुष्यभर केलं. पण बापानं नत्थूचा गडवाही वेगळा ठेवला होता.

"उंचवालेच घ्या," शकुबाई म्हणाली. "झाकून राह्यते."

ती आत गेली आणि प्रभाकररावांकडून ती जोडी आपल्या हातानं घेऊन आली. आरामाचे घ्या म्हणून मघाशी पायरीवरून सांगणारी हीच बाई होती. दगडाशी बसून तिनं डाव्या बुटात हात घातला, मनगटाच्या वरपर्यंत, आणि डोळे मिटून आतला तळ, कडा, शिवणी, पुढचं टोक सगळं बोटांनी चाचपलं. त्या मिटल्या डोळ्यांकडे पाहून रूपरावाला बंडीत उतरलेला गोमाजी आठवला. "नाई चावत," ती म्हणाली. "मी पाह्यत जाईन रोज. माह्या हाताबिगर नोका घालत जाऊ." टाचेवर तिनं पदराची चिंधी बांधली आणि बूट चढवला. लेस ओढता ओढता म्हणाली, "जास्त आवयलं तं सांगजा," आणि थांबली. मग लेस पुन्हा सैल केली, आपलं एक बोट लेसेच्या आणि त्याच्या पायाच्या मध्ये घातलं, तेवढी जागा ठेवून गाठ मारली आणि बोट काढून घेतलं. उजवा बूट त्यानं स्वतःच घातला. त्याच्या करंगळीला पुन्हा तीच कळ आली. कोणीतरी आपल्याशी अजून बोलतंय असं त्याला वाटलं.

वर्धा स्टेशनवर संध्याकाळच्या पॅसेंजरला गर्दी नव्हती. दोघं बाकावर बसले, मध्ये रिकामं खोकं. जिनिंगच्या काट्यावर वजन करणारा अण्णाजी काही कामानं आला असावा. त्यानं लांबूनच त्यांना ओळखलं आणि जवळ येऊन उभा राहिला. तो वाईट माणूस नव्हता. गोमाजीच्या तिरडीला त्यानं खांदा दिला होता. त्यानं आधी रूपरावाकडे पाहिलं, मग शकुबाईकडे, मग खाली पाहिलं आणि तिथंच पाहत राहिला.

"वा, रूपराव. बूट."

"हो."

"बढिया हायेत. सायबाचे असते तसे." अण्णाजीनं मान डोलावली, हसला, आणि हसण्यातच म्हणाला, "चाला, त्या ओल्या कापसानं कोनाचं तं भलं झालं."

शकुबाईनं पदर पुढे ओढला आणि रुळांकडे पाहू लागली. रूपरावाचे हात गुडघ्यांवर होते. लेसेची गाठ त्याच्या हातापासून वीतभर अंतरावर होती. एक टोक ओढलं की गाठ सुटली असती, बूट काढून पाय या बाकावर ठेवला असता, आणि अण्णाजीच्या तोंडावरचं ते हसू कायमचं गेलं असतं. त्याच्या जागी काय आलं असतं तेही त्याला दिसलं. एक पाऊल मागे सरकलेला अण्णाजी दिसला. वडनेरहून आलेलं नकाराचं पाकीट दिसलं. मंदा दिसली, जिनिंगच्या मागे, सरकीच्या ढिगाशी वाकलेली. त्याच्या हातांनी गुडघे घट्ट धरले.

"हौस होती कितीक वर्षांपासून," तो म्हणाला.

"मंग? हौसेले मोल नाई," अण्णाजी म्हणाला. त्याला बरं वाटलेलं दिसलं, कारण रूपरावानं नाकारलं नव्हतं. जरा वेळानं त्यानं आपुलकीनं विचारलं, "चावत तं नाई ना?"

"उजवा चावते थोडासा."

"चावनच. नवा हाये," अण्णाजी म्हणाला आणि पुढच्या डब्याच्या जागेकडे निघून गेला.

गाडी आली. शकुबाई आधी चढली आणि दारातून तिनं हात पुढे केला. रूपराव सवयीप्रमाणे डावा पाय आत टाकायला गेला, बापानं शिकवलेला, बंडीत उतरायचा तो. पायरीवर तो पडला की नाही हे त्याला कळेना. मग त्यानं खाली पाहून तो मागे घेतला, उजवा आधी ठेवला आणि तिचा हात धरून वर चढला.